सतरंज्या घालणारी पोरे आणि गावचा कारभार



मी घाटाखालचा सभासद. माझा ऊस दर हंगामात ट्रकने घाट चढून आपल्या कारखान्याच्या गव्हाणीत पडतो, पण राहतो मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात. भात, आंबा, काजू आणि नदीकाठाला थोडाफार ऊस, असा हा मुलूख. आमच्या गावची २६ जानेवारीची ग्रामसभा मी सहसा चुकवीत नाही. मागे एकदा सभेची वेळ दहाची होती. साडेदहाला डोकी मोजली तर आम्ही बाराजण, त्यात पंचायतीचा शिपाई धरून. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. अर्थात सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे आपणा सर्वांना चांगले माहीत आहे. वार्षिक सभेच्या मंडपात अर्धा तास घड्याळाकडे बघत आपण सगळेच बसलेलो आहोत. पुढच्या खेपेस त्याच बाराजणांत गावच्या विहिरीचा आणि नदीकाठच्या रस्त्याचा ठराव होऊन गेला.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. सभा तहकूब झाली त्या वेळी शेजारच्या कापलेल्या भाताच्या कोपऱ्यात क्रिकेटची मॅच चालू होती. खेळणारे बावीस आणि बघणारे साठ तरी असतील. त्यातली निम्मी पोरे अठराच्या वरची, म्हणजे मतदार. ती कोपऱ्यातून उठून आली असती तर गणपूर्ती झाली असती. गंमत म्हणजे त्याच पोरांनी सकाळी येऊन सभेच्या सतरंज्या घातल्या होत्या, लाऊडस्पीकर जोडून दिला होता. सतरंज्या घालून ती निघून गेली. एकाला मी विचारले, "काय रे, सभेक बसाक नाय?" तो म्हणाला, "काका, आमी बसान काय करतलंव? सगळा आदीच ठरलेला असता."

या उत्तराने मला गप्प केले, आणि त्याच उत्तरापायी हा लेख लिहीत आहे.

हल्ली ‘शाश्वत विकास’ हा शब्द सरकारी कागदात, भाषणात, शाळेच्या पुस्तकात सगळीकडे दिसतो. आपल्याला तो समजायला जड नाही. लागणीचा ऊस तोडताना जो शेतकरी बुडखा नीट जमिनीलगत छाटतो, पाचट जाळत नाही, पाणी आणि खत वेळेवर देतो, त्याचा खोडवा चांगला येतो, निडवाही पदरात पडतो. जो एकदाच सगळे ओरबाडून घेतो त्याची जमीन चोपण होते. आजची गरज भागवताना उद्याच्या माणसाचा खोडवा मोडू नये, एवढाच त्याचा अर्थ. ही व्याख्या जगापुढे आली ती १९८७ साली, संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालात. बाई नॉर्वेच्या पंतप्रधान होत्या. पुढे १९९२ साली रिओ येथे जी परिषद झाली, तिच्या कार्यक्रमपत्रिकेत २५ वे प्रकरण मुले आणि तरुणांचे ठेवले गेले. उद्याची जमीन ज्यांना कसायची आहे त्यांना आज ठराव करताना जवळ बसवा, हा त्यातला मुद्दा.

योगायोग असा की त्याच १९८७ साली आमच्या मालवणात एक गोष्ट घडली. तिच्यावरून हा सगळा विषय जास्त चांगला कळतो.

शिवछत्रपतींनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला आपणापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. होडीतून किल्ल्याकडे जाताना खाली पाणी स्वच्छ असले तर खडक दिसतात. त्या खडकांवर प्रवाळ आहे, ज्याला आपण पोवळे म्हणतो ते. त्याच्या आडोशाला माशांची पिले वाढतात. हे सारे जपावे म्हणून राज्य सरकारने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली एप्रिल १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग, म्हणजे किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा, गाभ्याचा. बाकीचा भोवतालचा राखीव.

हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या पाण्यात रेषा मारली त्याच पाण्यावर मालवणच्या गाबीत मच्छीमारांच्या चुली पेटत होत्या. त्यांना वाटले, उद्या आपल्याला दारातल्या समुद्रात जाळे टाकता येणार नाही. विरोध झाला, मोर्चे निघाले, निवेदने गेली. पंचवीस वर्षे उलटली तरी अभयारण्य बहुतांशी कागदावरच राहिले. ना मासे नीट राखले गेले, ना लोकांची भीती गेली. बंदरावर एक वयस्क गृहस्थ जाळे विणत बसले होते, ते मला म्हणाले, "समुद्रात रेघ मारल्यानी, पण आमका कोणी इचारूक नाय. माझो झील तेवा बारा वर्सांचो होतो. आता तो पन्नास वर्सांचो झालो, अजून माका इचारता, बाबा, ती रेघ खंय आसा?"

म्हाताऱ्याच्या या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. बापाला विचारले नाही, ही एक. दुसरी अशी की बारा वर्षांचा पोरगा पन्नास वर्षांचा झाला. निर्णय घेणारे साहेब निवृत्त झाले, विरोध करणारे पुढारी म्हातारे झाले, आणि त्या निर्णयासोबत जगण्याचे काम त्या पोराच्या वाट्याला आले.

खरे तर मालवणच्या किनाऱ्याला एकत्र कारभार नवा नाही. रापण नावाची मासेमारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालते. होडीने जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. जाळे एकट्याचे नसते, पुष्कळ घरांचे मिळून असते, आणि मासळीचे वाटे पडतात. दोराला हात लावणाऱ्या पोरालाही काही ना काही मिळते. शेअर, वाटा आणि हिशेब हे आपले सहकारी शब्द आहेत. रापणीत ते सहकार कायद्याच्या आधीपासून आहेत. रापणीत पोरगा पहिल्या दिवशी दोर ओढतो, पण तिथेच उभा राहून वाटणी कशी होते तेही बघतो, भांडण कसे मिटते ते बघतो. ग्रामसभेत मात्र सतरंजी घातली की त्याचे काम संपले.

मालवणात पुढे काय झाले ते बघण्यासारखे आहे. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प सुरू झाला. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात कांदळवन कक्ष उभा राहिला आणि काम त्याच्याकडे आले. या खेपेला सुरुवात बंदीपासून झाली नाही, पोटापाण्यापासून झाली. खाडीत खेकडापालन, कालवे आणि शिणाणे यांची शेती, ट्रॉलरच्या जाळ्याला चौकोनी आसाचा शेवट जोडणे, जेणेकरून लहान पिले निसटून जावीत, असे प्रयोग झाले. किनाऱ्यावरच्या तरुणांना समुद्राखालचे प्रवाळ पाहुण्यांना दाखवण्याचे शिक्षण मिळाले. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवू लागल्या. कांदळवन म्हणजे खाडीकाठची चिपी-तिवराची झाडी. तीत माशांची आणि खेकड्यांची पिले वाढतात, आणि भरतीचा मारा ती अंगावर घेते. ज्या झाडीकडे लोक सरपण म्हणून बघत होते तिच्यातून रोजी मिळू लागली.

२०१७ साली राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना काढली. तिची घडण आपण सहकारातल्या माणसांनी नीट समजून घ्यावी. गावात कांदळवन सह-व्यवस्थापन समिती होते. तिच्यात गावकरी आणि वनखाते एकत्र बसून काय करायचे ते ठरवतात. गटाने खेकडे, कालवे, जिताडा (आमच्याकडे चोणक) यांचे पालन करायचे ठरवले तर खर्चाचा ९० टक्के भाग योजनेतून येतो आणि १० टक्के गटाने घालायचा असतो. खासगी जागेत एकट्याने करायचे तर ७५ आणि २५. हा दहा टक्के वाटा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या वाडवडिलांनी कारखान्याचा शेअर घेताना कुणी बैल विकला, कुणी दागिना मोडला. तेव्हापासून कारखाना ‘आपला’ झाला. फुकट मिळालेल्या वस्तूची सभा कोणी भरवीत नाही.

पण सगळे गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. मालवण-तारकर्ली भागात पर्यटन वाढले, पर्यटन महामंडळाने तारकर्लीला डायव्हिंगची शिक्षणसंस्था काढली, पोरांच्या हातात पैसा आला. मुंबईची वाट धरणारी काही पोरे गावात राहिली, ही मोठीच गोष्ट. तरी रोजगार मिळणे वेगळे आणि कारभारात भाग मिळणे वेगळे. किती होड्या एका वेळी प्रवाळावर न्यायच्या, नांगर कुठे टाकायचा, होडीत माणसे किती, हे नियम ठरवताना होडी चालवणारा पोरगा खोलीत असला पाहिजे. कारण पाणी कुठे फुटते, वारा कधी फिरतो हे त्यालाच ठाऊक. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. अशा प्रसंगानंतर वरून हुकूम येतात, थोडे दिवस पाळले जातात. जे नियम पाळणाऱ्यांनी स्वतः बसून केलेले असतात ते अधिक काळ टिकतात, असे माझे मत आहे.

आता कायद्यात पोरांना जागा कुठे आहे ते पाहू. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत अठरा वर्षांच्या पोरांनी पहिल्यांदा मते टाकली. म्हणजे अठरा पूर्ण झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे. त्याला कोणी बोलवावे लागत नाही, त्याचा हक्कच आहे. एकविसाव्या वर्षी तो पंचायतीला उभा राहू शकतो. गावचा वार्षिक विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात पंचायतींना थेट निधी आला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असे बंधन होते. हा पैसा कुठे घातला हे विचारायला अठरा वर्षांचा पोरगा पुरेसा आहे. अट एवढीच की त्याला ते कागद वाचता आले पाहिजेत.

दुसरी जागा जैवविविधता समितीची. २००२ च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत ही समिती हवी. गावात कोणती झाडे, मासे, बियाणी, औषधी आहेत त्यांची नोंदवही तिने ठेवायची असते. आजरा-गडहिंग्लजकडच्या वाचकांसाठी सांगतो: तुमच्या उसाला पाणी पाजणारी हिरण्यकेशी आमच्या आंबोलीत उगम पावते. तिथल्या कुंडात एका नव्या जातीचा मासा सापडल्याचे २०२० साली जाहीर झाले, त्याला नदीचेच नाव मिळाले, आणि २०२१ साली ती जागा वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. घाटावरच्या पिकाचे मूळ घाटमाथ्याच्या गावातल्या लोकांच्या राखणीत आहे. असो. तर २००४ च्या केंद्रीय नियमांनी या समितीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा माणसे ठरवली, त्यात एक तृतीयांश स्त्रिया हव्यात असे स्पष्ट लिहिले. तरुणांसाठी जागा मात्र लिहिली नाही.

जागा लिहिली की काय होते ते आपण स्त्रियांच्या बाबतीत पाहिले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. तेव्हा पारावर काय बोलणे होते ते आठवा: "बायकांस्नी काय कळतंय? सही नवराच करणार." पहिली पाच वर्षे पुष्कळ ठिकाणी नवऱ्यानेच कारभार केला, हेही खरे. पण आज कितीतरी गावांत पाण्याच्या टाकीचा हिशेब बाईच मागते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असे आपला ग्रामपंचायत कायदाच सांगतो. वेगळ्या सभेत माणूस बोलायला शिकतो आणि मग मोठ्या सभेत तोंड उघडतो. पोरांसाठीही अशी सभा घ्यायला कायद्याची वाट बघायची गरज नाही.

"पोरांच्या हाती दिले तर राजकारण करतील," असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. राजकारण आपण काय कमी केले? "पोरे टिकत नाहीत, आज इथे उद्या पुण्याला," ही तक्रार मात्र खरी आहे. तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण हिवरे बाजारकडे बोट दाखवता येईल.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव, पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरचा. १९८९ साली गावातल्या तरुणांनी गळ घालून पोपटराव पवार यांना पुढे आणले आणि ते बिनविरोध सरपंच झाले. पवार एम. कॉम. झालेले आणि क्रिकेट खेळणारे. आमच्या कोपऱ्यातली मॅच आठवून मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे नियम ग्रामसभेने घातले, पाणी अडवले. आणि आपल्याला झोंबेल असा एक ठराव केला: शेतीसाठी बोअर मारायचे नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. दरवर्षी पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

ऊस सोडा असे मी सांगत नाही. माझेच पोट उसावर आहे. सांगायचे ते इतकेच, की ‘ऊस नको’ हा ठराव बाहेरच्या कोणी साहेबाने आणला असता तर हिवरे बाजारातही मालवणसारखे मोर्चे निघाले असते. तिथे तो गावाने स्वतः केला, आणि करणाऱ्यांत ती माणसे होती ज्यांना पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच विहिरीचे पाणी प्यायचे होते.

आता आपल्या घरचे बघू. सातबारा वडिलांच्या नावावर, शेअर वडिलांच्या नावावर, उसाची नोंद वडिलांच्या नावावर. टोळी आणण्यापासून ट्रॅक्टर भरण्यापर्यंत काम पोरगा करतो. ठिबकचा व्हॉल्व्ह त्याला कळतो, मोबाईलवर वजनाचा मेसेज तोच वाचून दाखवतो. पण वार्षिक सभेला तो फक्त वडिलांना मोटारसायकलवरून सोडायला येतो आणि झाडाखाली उभा राहतो. कायद्याप्रमाणे संचालक मंडळात जास्तीत जास्त २१ जण असतात, त्यात महिलांच्या दोन जागा राखीव आहेत. वयाने तरुण म्हणून एकही जागा नाही. मी ती मागतही नाही, कारण एक राखीव जागा कुणातरी पुढाऱ्याच्या मुलालाच जाईल.

मला सुचते ते असे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. त्याआधी, नारळी पौर्णिमेनंतरच्या मोकळ्या दिवसांत, प्रत्येक गटात सभासदांच्या अठरा ते तीस वयाच्या मुलामुलींची एक सभा व्हावी. मुलींची हे मुद्दाम लिहितो. त्या सभेला अहवाल आणि ताळेबंद आधी द्यावा आणि शेतकी खात्याच्या माणसाने तो समजावून सांगावा. त्यांच्याकडे एखादे खरे काम सोपवावे. उदाहरणार्थ, गटातल्या ठरावीक विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजणे, आणि किती एकरांत पाचट जाळले, किती एकरांत ठेवले याची यादी. मोजणी त्यांनी करावी, आकडे त्यांनीच वार्षिक सभेत उभे राहून वाचावेत, आणि त्यावर ठराव मांडायची मुभा त्यांना द्यावी. मत सभासदच देतील, तो नियम मोडायचा नाही. पण ठराव कुणी मांडला हे इतिवृत्तात नावानिशी लिहिले जावे. चुकीचा आकडा वाचला तर तिथेच धरावे. धरले जाण्याची सवय लागल्याशिवाय कारभार येत नाही, हे आपण पतपेढ्यांत पाहिले आहे.

आमच्या गावात मी गेल्या वर्षी त्या क्रिकेटवाल्यांतल्या दोघांना एक वही दिली. गावच्या चार विहिरींची पातळी दोरीने मोजून दर महिन्याला लिहायची. पहिले तीन महिने नोंदी बरोबर आल्या. चौथ्या महिन्यात स्पर्धा होत्या, पान कोरे. पाचव्या महिन्यात एकजण गोव्याला कामाला गेला, दुसऱ्याने आपल्या बहिणीला वही दिली. तेव्हापासून वही तिच्याकडे आहे आणि एकही महिना चुकलेला नाही. मेमध्ये नदीकाठच्या विहिरीची पातळी वरच्या विहिरीपेक्षा जास्त खाली गेल्याचे तिनेच दाखवून दिले. नदीकाठाला ऊस कोणाचा आहे ते मी वर लिहिलेच आहे. पुढच्या ग्रामसभेत ती हे आकडे वाचणार आहे, आणि मला उत्तर द्यावे लागणार आहे.

ज्या सभासदांना आपल्या गटात अशी सभा घ्यायची असेल त्यांनी आपल्या शेतकी ऑफिसात लेखी कळवावे. वार्षिक सभेपुढे विषय आणायचा तर पोटनियमांत किती दिवस आधी द्यावा लागतो, ते ऑफिसात विचारून घ्यावे. अर्ज मुलानेच लिहिला तरी चालेल, सही मात्र सभासदाची हवी.